कोकणच्या सड्यावर पाणघोडा आणि गेंडा आले कुठून?

मालवणहून आत कणकवलीच्या दिशेने निघालं, की नारळी-पोफळीच्या बागा मागे पडतात आणि सडे सुरू होतात. जांभ्या दगडाचं उघडं, सपाट, काळपट पठार. उन्हाळ्यात त्यावर पाय टेकवत नाही आणि पावसाळ्यात तिथेच रानफुलांचा गालिचा असतो. मालवण तालुक्यातल्या हिवाळे आणि कुडोपी या गावांच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी दगडावर दगड मारून आकृत्या कोरून ठेवल्या आहेत. कुडोपीत माणसासारख्या आकृत्या जास्त आहेत. तिथून उत्तरेला राजापूर आणि रत्नागिरीकडे गेलं, की माणसांच्या जोडीला हत्ती, हरणं, मासे, पक्षी दिसतात. आणि त्यांच्यातच असे दोन प्राणी दिसतात, जे कोकणात कुणीच पाहिलेले नाहीत. एक शिंगाचा गेंडा आणि पाणघोडा.

ही चित्रं २०१८ मध्ये जगभरातल्या माध्यमांत झळकली, तेव्हापासून एक प्रश्न सोशल मीडियावर पुन्हा पुन्हा फिरतो. पाणघोडा तर आफ्रिकेतला प्राणी. मग ही चित्रं काढणारी माणसं आफ्रिकेतून आली होती का? पुढे याच प्रश्नाला फोडणी मिळून परग्रहवासीयांपर्यंत मजल जाते.

उत्तर मात्र बरंच जवळ, सह्याद्रीच्या पलीकडे नद्यांच्या गाळात आहे. भारतात पाणघोडे होते, गेंडेही होते. आज जिथे ऊस आणि ज्वारी उभी आहे, तिथे ते चरत होते. पण त्यांची हाडं देशावर सापडतात आणि कोकणात सापडत नाहीत. असं का, हे एकदा कळलं, की सड्यावरची ती चित्रं इतकी महत्त्वाची का आहेत आणि चिरेखाणीच्या एका फटक्यात नेमकं काय जातं, हेही कळतं.

आधी खुरांचा हिशेब

गाय, म्हैस, घोडा, हरीण, रानडुक्कर, गेंडा, पाणघोडा. दिसायला एकमेकांपासून दूर असलेले हे सगळे प्राणी खुरांचे सस्तन प्राणी. शास्त्रज्ञ त्यांचे दोन मोठे गट करतात. ज्यांच्या शरीराचा भार मधल्या बोटावर येतो ते विषम-खुरी. घोडा आणि गेंडा त्यात येतात. ज्यांचा भार दोन बोटांवर सारखा पडतो ते सम-खुरी. गाय, हरीण, डुक्कर आणि पाणघोडा त्यात येतात.

या दोन्ही गटांच्या अगदी सुरुवातीच्या इतिहासात भारतीय उपखंडाचं नाव ठळक आहे. गुजरातमध्ये सुरतजवळच्या वस्तान इथल्या लिग्नाइटच्या खाणीत 'कॅम्बेथेरियम' नावाच्या प्राण्याची हाडं मिळाली. साधारण साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचा हा प्राणी घोडे आणि गेंड्यांच्या कुळाचा अगदी जवळचा भाऊबंद मानला जातो. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट परिसरात 'इंडोह्यस' मिळाला. मांजराएवढा, बारीक पायांचा, खुरांचा प्राणी. त्याच्या कानाच्या हाडाची ठेवण देवमाशांसारखी आहे, हे २००७ मध्ये जगासमोर आलं आणि देवमाशांचे पूर्वज खुरांचे प्राणी होते, या मताला मोठा आधार मिळाला.

म्हणजे मालवणला होडीतून डॉल्फिन बघायला जाणारा पर्यटक जे पाहतो, तेही दूरच्या नात्याने खुरांच्याच घराण्यातलं असतं. डॉल्फिन आणि देवमाशांचा आज जिवंत असलेला सगळ्यात जवळचा नातेवाईक पाणघोडा आहे.

भारतातला पाणघोडा वेगळाच होता

१८३० च्या दशकात ह्यू फाल्कनर आणि प्रोबी कॉटली हे दोघे हिमालयाच्या पायथ्याशी शिवालिक टेकड्यांत जीवाश्म गोळा करत होते. त्यांना पाणघोड्याच्या कवट्या मिळाल्या. आफ्रिकेतल्या पाणघोड्याच्या खालच्या जबड्यात सुळ्यांच्या मध्ये चार दात असतात. शिवालिकच्या पाणघोड्याला सहा होते. म्हणून १८३६ मध्ये त्यांनी त्याला नाव दिलं 'हेक्साप्रोटोडॉन', म्हणजे पुढे सहा दात असलेला.

शिवालिकमधल्या त्या प्राण्याचे वंशज पुढे दक्षिणेकडे पसरले. नर्मदेच्या खोऱ्यात पाणघोड्याचे भरपूर अवशेष मिळाले आहेत. त्याच गाळात आणखी दोन ठळक खुरांचे प्राणी आहेत. 'बॉस नामाडिकस' हा प्रचंड रानबैल आणि 'इक्वस नामाडिकस' हा रानघोडा. दोघांची नावंच नर्मदेवरून पडली आहेत. रानबैल जंगलातून नामशेष झाला, पण त्याचा वंश पूर्ण तुटला नाही. आपल्याकडची वशिंडाची गाय त्याच्याच कुळातून आली असं मानलं जातं. कोकणातल्या गोठ्यात बांधलेली छोट्या चणीची 'कोकण कपिला' ही त्या घराण्याची लांबची नात.

महाराष्ट्रातही गोदावरी, घोड, मांजरा अशा नद्यांच्या काठच्या गाळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी अनेक दशकं काम केलं. त्यातून प्राचीन हत्ती, रानबैल, घोडे, हरणं आणि पाणघोडे अशी एक यादी तयार झाली. गोदावरीकाठच्या नांदूर मध्यमेश्वर इथली प्राचीन हत्तीची कवटी तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अभ्यासकांच्या हाती आली होती.

आणि गेंडा? तो तर शेजारच्या जिल्ह्यात

मालवणहून नकाशावर सरळ पूर्वेला रेघ ओढली, तर ती बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकच्या आसपास पोचते. अंतर दीडशे किलोमीटरच्या आत. तिथल्या चिकदौली गावाजवळच्या नाल्यात भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांना गेंड्याची हाडं मिळाली. भारतातलं पहिलं अश्मयुगीन दगडी हत्यार १८६३ मध्ये चेन्नईजवळ पल्लावरमला ओळखणारे हेच ते फूट. १८७४ मध्ये त्यांनी या गेंड्याचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्याला नाव दिलं 'ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस'. दख्खनचा गेंडा.

गेंडा पश्चिम भारतात फार उशिरापर्यंत टिकून होता, याचे इतरही पुरावे आहेत. गुजरातमधल्या लांघणज इथे ह. धी. सांकलिया यांच्या उत्खननात लहान दगडी हत्यारं वापरणाऱ्या माणसांच्या वस्तीत गेंड्याच्या खांद्याचं हाड मिळालं. त्यावर ठोकल्याच्या खुणा होत्या. म्हणजे त्या लोकांनी ते हाड ऐरणीसारखं वापरलं होतं. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर गेंडा आहे. आणि १९७४ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरा नदीकाठच्या दायमाबादला जी प्रसिद्ध कांस्यशिल्पं मिळाली, त्यात बैलांचा रथ, हत्ती, म्हैस यांच्याबरोबर एक गेंडाही आहे. या शिल्पांच्या काळाबद्दल मतभेद आहेत, पण अनेक अभ्यासक तो साधारण चार हजार वर्षांपूर्वीचा मानतात. सोळाव्या शतकात बाबराने पेशावरच्या बाजूला गेंड्याची शिकार केल्याचं त्याने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलं आहे.

तेव्हा कोकणच्या सड्यावर गेंडा कोरलेला दिसला, तर त्यासाठी आफ्रिकेपर्यंत जायची गरज उरत नाही.

मग कोकणात हाडं का नाहीत?

इथे खरी गोम आहे. देशावर जी हाडं मिळतात, ती नदीच्या गाळात मिळतात. प्राणी मेला, पुराच्या गाळाखाली लवकर गाडला गेला, पाण्यातल्या चुन्याने हाड घट्ट झालं, की ते हजारो वर्षं टिकू शकतं. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. गाळ साठवून ठेवणारी संथ नदी आणि हाड न खाणारी माती.

कोकणात दोन्हींची वानवा आहे. गड नदी असो की कर्ली, सह्याद्रीवरून निघून फार थोड्या अंतरात समुद्राला मिळते. उतार मोठा, पाऊस प्रचंड. गोदावरीसारखा हजारो वर्षांचा गाळ काठावर साचत नाही, तो सरळ खाडीत आणि समुद्रात जातो.

दुसरी अडचण जांभा. उष्ण आणि भरपूर पावसाच्या हवामानात मूळ खडकातली विरघळणारी द्रव्यं पाण्याबरोबर निघून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम मागे उरतं. त्यातून तांबडा, सच्छिद्र जांभा तयार होतो. या प्रक्रियेत चुना टिकत नाही आणि माती आम्लधर्मी राहते. हाड म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फरसचं संयुग. अशा मातीत ते विरघळून जातं. रत्नागिरीकडे जांभ्याच्या खालच्या थरांत लिग्नाइट आणि पानांचे ठसे मिळाल्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून आहेत. पण सड्याच्या मातीत मोठ्या प्राण्याचं हाड शिल्लक राहणं फार अवघड.

म्हणून कोकणात हाडं न मिळण्याचा अर्थ तिथे प्राणी नव्हते असा होत नाही. वही जळाली म्हणून त्यात हिशेब लिहिला नव्हता असं म्हणता येत नाही, तसंच हे.

समुद्राखाली गेलेलं कोकण

आणखी एक गोष्ट विसरली जाते. आजचा किनारा हा कायमचा किनारा नाही. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, जगभरच्या समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. पाणी ध्रुवांकडे आणि डोंगरांवर बर्फ होऊन अडकलं होतं. भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळचा समुद्रतळ बऱ्याच अंतरापर्यंत उथळ आहे. त्यामुळे तेव्हा मालवणचा किनारा आजच्यापेक्षा कितीतरी किलोमीटर पश्चिमेला होता. सिंधुदुर्ग किल्ला ज्या कुरटे बेटावर उभा आहे, ते तेव्हा बेट नव्हतं, आतल्या भागातली एक टेकडी होती. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरहून दूर समुद्रात बुडालेला 'आंग्रिया बँक' हा प्रवाळांचा उंचवटा आहे. त्याचा माथा आज वीसेक मीटर पाण्याखाली आहे. तोही तेव्हा उघडा होता.

कोकणच्या नद्या त्या काळी या रुंद मैदानावरून वाहत समुद्राला जात. पाणघोड्याला सोयीची संथ वळणं, डबकी, गवताळ काठ असायला तिथे जागा होती. त्या मैदानात नक्की काय होतं हे आज सांगता येत नाही, कारण ते पाण्याखाली आहे. पण 'एवढ्याशा चिंचोळ्या कोकणात पाणघोडा राहणार कुठे?' या शंकेला त्यातून उत्तर मिळतं. तेव्हाचं कोकण एवढंसं नव्हतं.

पाणघोडा गेला कधी?

मध्य भारतात सापडलेल्या पाणघोड्याच्या एका दाढेचं थेट कार्बन कालमापन करून अभ्यासकांनी २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दाढ निघाली सुमारे सोळा हजार वर्षांपूर्वीची. भारतीय उपखंडातल्या पाणघोड्याचा हा सगळ्यात अलीकडचा थेट कालमापन झालेला पुरावा मानला गेला. हिमयुगाच्या त्या टप्प्यावर मोसमी पाऊस कमजोर झाला होता, नद्या आटत होत्या. दिवसभर पाण्यात बसून अंगाची कातडी ओली ठेवावी लागणाऱ्या प्राण्याला सगळ्यात आधी फटका बसणार, हे उघड आहे. त्यात माणसाच्या शिकारीचाही हात असू शकतो.

आता ही तारीख सड्यावरच्या चित्राशेजारी ठेवली, की गंमत सुरू होते. कातळशिल्पांचं थेट वय काढणं अवघड आहे. दगड कोरलेला आहे, त्यात कोळसा नाही, रंग नाही. कार्बन कालमापनाला काही मिळतच नाही. त्यामुळे अंदाज शैलीवरून, विषयांवरून आणि आसपास मिळणाऱ्या दगडी हत्यारांवरून बांधले जातात. युनेस्कोकडे दिलेल्या माहितीत ती बारा हजार वर्षांहून जुनी असल्याचं म्हटलं आहे. काहींच्या मते ती आणखी जुनी आहेत, काहींच्या मते बरीच अलीकडची. सिंधुदुर्गातल्या कोळोशी इथल्या गुहेत राज्य पुरातत्त्व विभागाने केलेल्या उत्खननात लहान-मोठी दगडी हत्यारं मिळाली आहेत. या भागात अश्मयुगातली माणसं राहत होती, एवढं त्यावरून पक्कं होतं.

अशा वेळी प्राणी हेच घड्याळ ठरतं. शेती, गुरं, बैलगाडी, धान्य असं काही या चित्रांत ठळकपणे येत नाही. येतात ते रानटी प्राणी आणि समुद्री जीव. म्हणजे ही शिकार करणाऱ्या आणि अन्न गोळा करणाऱ्या माणसांची दुनिया असावी. त्यात पाणघोडा असेल, तर कोरणाऱ्याने जिवंत पाणघोडा पाहिला होता किंवा पाहिलेल्या माणसाकडून तो शिकला होता. मग ते चित्र पाणघोडा नामशेष होण्याच्या आधीचं किंवा त्याच्या फार मागे नसलेलं.

पण इथे घाई नको. या साखळीत तीन कच्चे दुवे आहेत.

पहिला, ओळख. बाह्यरेषेने कोरलेला जाडजूड चार पायांचा प्राणी पाणघोडाच आहे की रानडुक्कर, हे दर वेळी ठामपणे सांगता येत नाही. गेंड्याचं तसं नाही, शिंग असलं की ओळख सोपी.

दुसरा, तारीख. सोळा हजार वर्षं हा आजवर हाती आलेला शेवटचा पुरावा आहे, शेवटचा पाणघोडा नव्हे. एखाद्या पाणथळ कोपऱ्यात तो पुढेही हजारो वर्षं राहिला असू शकतो.

तिसरा, सगळी चित्रं एकाच काळातली असतील असं नाही. एकाच सड्यावर हजारो वर्षांच्या अंतराने वेगवेगळ्या माणसांनी कोरलेलं असू शकतं.

गेंड्यावरून तर काळ ठरतच नाही, कारण तो पश्चिम भारतात फार उशिरापर्यंत होता. थोडक्यात, पाणघोड्याचं चित्र हे प्राचीनतेचा मजबूत इशारा आहे, शिक्कामोर्तब नाही. 'आफ्रिकेतून आलेले लोक' या गोष्टीला मात्र त्यातून काहीच आधार मिळत नाही.

आज धोक्यात काय आहे?

हिवाळे आणि कुडोपीची कातळशिल्पं जगासमोर आणण्यात अभ्यासक सतीश लळित यांचा वाटा मोठा. रत्नागिरी-राजापूर परिसरात सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव पायपीट करून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून शेकडो आकृत्या शोधल्या. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत कोकणची कातळशिल्पं आली. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातली सात ठिकाणं, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं कुशावती नदीकाठचं फणसाईमळ अशा नऊ जागा आहेत. राजापूर तालुक्यातलं कशेळीही त्यात आहे. तिथला हत्ती सुमारे १८ मीटर लांब असून त्याच्या पोटात इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत.

पण तात्पुरती यादी म्हणजे संरक्षण नाही. कुठलीही जागा जागतिक वारसा होण्याआधी ती या यादीत असावी लागते, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या टप्प्यावर प्रत्येक जागेची हद्द, भोवतालचा राखीव पट्टा आणि कायदेशीर संरक्षण दाखवावं लागतं. नऊ जागा यादीत आहेत आणि कातळशिल्पं असलेले सडे दोन्ही जिल्ह्यांत त्याहून कितीतरी जास्त आहेत. त्यातले बहुतेक खाजगी मालकीचे.

सड्याचा मालक शेतकरी. तिथे भात होत नाही, पाणी ठरत नाही. सातबाऱ्यावर पोटखराब लिहिलेल्या त्या जमिनीतून पैसा मिळायचे मार्ग मोजके. चिऱ्याची खाण, हापूसची बाग किंवा प्लॉट पाडून विक्री. चिरेखाणीचं यंत्र आधी सड्याचा वरचा थर काढतं. शिल्पं नेमकी त्याच थरावर, काही सेंटिमीटर खोलीवर असतात. बागेसाठी सुरुंग लावून खड्डे काढले तरी तेच होतं. एप्रिल २०२३ मध्ये राजापूरच्या बारसू सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं तेव्हा मोठं आंदोलन झालं. त्यात रोजगार, जमीन, मासेमारी, बागा असे अनेक मुद्दे होते, आणि कातळशिल्पांचाही होता. बारसू युनेस्कोच्या त्या नऊ नावांपैकी एक आहे.

जमीनमालकाला नुसतं 'वारसा जपा' म्हणून चालत नाही. संरक्षण आलं की बांधकाम आणि खाणीवर बंधनं येतात, आणि त्याची भरपाई काय, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. रत्नागिरी तालुक्यातल्या उक्षीने एक वाट दाखवली. तिथल्या ग्रामपंचायतीने पुढाकार घेऊन हत्तीच्या शिल्पाभोवती संरक्षक कठडा बांधला. गावाने जागा आपली मानली, की पाहुणे येतात आणि चहा-जेवणापासून वाटाड्यापर्यंत थोडंफार उत्पन्न गावात राहतं.

दुसरा धोका मोबाईलचा आहे. फोटोत रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू किंवा रंग भरणं, शिल्पावर उभं राहून व्हिडिओ करणं, सड्यावर गाडी नेणं, यांमुळे आधीच झिजलेली खोदाई आणखी झिजते. शिवाय नेमकं ठिकाण टाकून फोटो शेअर केला, की ज्या सड्यावर अजून नोंदणीही झालेली नाही, तिथेही गर्दी पोचते.

एक सडा गेला तर काय जातं?

देशावर एखादं हाड हरवलं, तर गाळात दुसरं मिळण्याची शक्यता असते. नर्मदा आहे, गोदावरी आहे, मांजरा आहे. कोकणात ती सोय नाही. इथल्या मातीने हाडं ठेवली नाहीत आणि जुनी मैदानं समुद्राने घेतली. इथे कोणते मोठे प्राणी चरत होते याची जी थोडीफार नोंद उरली, ती माणसाने स्वतःच्या हाताने, डोळ्यांनी पाहून दगडावर केली. तिची दुसरी प्रत नाही.

म्हणून सड्यावर फिरताना ओळखीची नसलेली खोदाई दिसली, तर ती साफ करण्याचा किंवा उकरण्याचा प्रयत्न करू नये. शेजारी मोजपट्टी किंवा चप्पल ठेवून फोटो काढावा, जागा टिपून ठेवावी आणि ग्रामपंचायत व राज्य पुरातत्त्व विभागाला कळवावं. कोरड्या ऐन दुपारी या रेषा जेमतेम दिसतात. सकाळी लवकर किंवा सूर्य कलताना, तिरक्या उन्हात, त्यांची सावली पडते आणि चार पाय, पोट, मान असा प्राणी हळूहळू दगडातून वर येतो. तो रानडुक्कर आहे की पाणघोडा, हे अभ्यासक ठरवतील. त्यासाठी तो दगड तिथे राहिलेला असायला हवा.